चुन्याखालची हळद

सुकदेव पेंटरने बायकोवर पहिल्यांदा हात उचलला तो मूठभर हळदीपायी.

तानुबाई तेव्हा नवी नवरी होती. पाचोऱ्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात नांदायला येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. नवरा लग्नाच्या भिंती रंगवायचा. तिकडे ज्या घरी लग्न असतं त्या घराची दर्शनी भिंत आधी चुन्याने पांढरी होते. मग तिच्यावर दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती येतात, बंदूकवाला शिपाई येतो, पोपट, कळस, मधोमध डोलीतली नवरी, आणि वर मोठ्या अक्षरांत वधूवरांची नावं. तानुबाईकडे रंग खलायचं काम. गेरू, नीळ, काजळी आणि पिवळ्या रंगाला पेवडी. एकदा पेवडी संपली. तिने घरातली हळद डिंकाच्या पाण्यात कालवली आणि दिली. वाळलेल्या चुन्यावर नवरीच्या अंगाला ती पेवडीपेक्षा उजळ बसली. मग घरमालक एका राहिलेल्या कोपऱ्यावर कुंचा फिरवायला गेला. चुन्याचे शिंतोडे उडाले आणि नवरीच्या पिवळ्या तोंडावर लाल लाल ठिपके उठले.

हळदीला ओला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो हे तानुबाईला काही नवं नव्हतं. माहेरी ती आईबरोबर कुंकू करायची. पण भिंतीवर हे ध्यानात आलं नव्हतं.

"पेंटर, नवरीले देवी उन्यात का रे?" घरमालक म्हणाला. चारचौघांत सुकदेवही हसला. घरी येऊन त्याने कुंच्याचा दांडा बायकोच्या पाठीवर मोडला. मोडलेला दांडा तिनेच दुसऱ्या दिवशी सुतळीने बांधला, कारण काम होतं.

त्यानंतर तिने रंगात हळद घातली नाही. मार खायला मात्र काही वेगळं निमित्त लागलं नाही. सुकदेव दारूला लागला, हात कापायला लागले. हत्तीची सोंड गांडुळासारखी दिसायला लागली. एका लग्नघरी तो सकाळीच बैलगाडीत आडवा झाला, आणि वऱ्हाड तर दुसऱ्या दिवशी यायचं. तानुबाईने पदर खोचला, शिंदीच्या काडीची कुंचली घेतली आणि दोन्ही हत्ती उतरवले. इतकी वर्षं नुसतं पाहून हात तयार झाला होता. संध्याकाळी लोक जमले. एका म्हाताऱ्याने सुकदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "सुकदेव, औंदा तुना हत्ती चालस रे."

सुकदेवने मान डोलावली. घरी आल्यावर त्याने तिचा उजवा हात पाट्यावर धरला आणि वरवंटा मारला. दोन बोटं चेंदली. शेजारची सकीना धावून आली, तिने हळद आणि तूप बांधलं. "हाथ तोड दिया पर हाथी तो तेराच चला ना," असं पट्टी बांधता बांधता म्हणाली. तानुबाई त्या दुखण्यातही हसली होती.

बोटं वाकडी जुळली. पुढे सुकदेव दारूनेच मेला. गावाला भिंती तर रंगवायच्याच होत्या, आणि दुसरा पेंटर मिळत नव्हता. विधवेचा हात लग्नाच्या भिंतीला कसा लावायचा यावर चार दिवस चर्चा झाली. शेवटी तोड निघाली. तानुबाईने सगळं काढायचं, फक्त कळसावरचं कुंकू घरच्या सवाष्णीने लावायचं. तिच्या वाकड्या बोटांनी रेघ जाड यायची. लोकांना तीच आवडायला लागली.

ती बोलायची कमी. जे बोलायचं ते भिंतीवर. पन्नाशीच्या बिजवराला कोवळी पोर दिली, तर त्या घरच्या हत्तीला तिने सुळे काढले नाहीत. जिथे सासू सुनेला उपाशी ठेवते असं सगळ्या गल्लीला माहीत होतं, तिथे धाकट्याच्या लग्नात पिंजऱ्यात पोपट काढला आणि वाटी उपडी. पुरुष येत, हत्ती मोजत, नावांतल्या काना-मात्रा तपासत आणि जात. बायका पाण्याच्या कळश्या घेऊन भिंतीपुढे थबकत.

"तानुअक्का, पोपटनी वाटी उपडी काबरं?"

"त्या घरमा जाईसन इचार."

मग कळश्या हिंदकळेपर्यंत हसणं. पण त्या घरच्या सुनेला चार दिवस ताटात भाकरी पुरी पडायची. एवढंच व्हायचं, आणि तेवढं तानुबाईला पुरत होतं.

गल्लीतल्या झुलालभाऊंची थोरली लेक प्रमिला लहानपणापासून तिच्या मागे मागे असायची. हत्तीच्या पायातले तोडे रंगवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. तोडे नेहमी रेघेबाहेर जायचे. तिच्या लग्नाची भिंतही तानुबाईनेच रंगवली, आणि नवरी असून प्रमिला हळद लागायच्या आधी गुपचूप येऊन तोडे रंगवून गेली. तिला धुळ्याकडे दिली होती. जावयाचा मामा मोतीलाल मोठा बोलका माणूस. त्याने लग्न जमवलं, मानपान ठरवले, आणि नंतर जे जे कमी पडलं ते ते मागायलाही तोच येत राहिला.

पुढच्या साली प्रमिलाला मुलगा झाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला, की स्टो भडकला, पोर जळाली.

भिकुबाईबरोबर, म्हणजे प्रमिलाच्या आईबरोबर, तानुबाई धुळ्याला गेली. सरकारी दवाखान्यात केळीच्या पानावर प्रमिलाला ठेवलं होतं. केस नव्हते. छाती, गळा, खांदे सगळं सोललेलं. मांसाचा आणि रॉकेलचा मिळून वास येत होता, आणि खिडकीत कावळे बसले होते. पायथ्याशी नवरा आणि मोतीलाल उभे. हवालदाराने विचारलं तेव्हा प्रमिलाने त्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्टो भडकना." हवालदाराने ते लिहून घेतलं आणि गेला. तिने सांगितलं तेच त्याने लिहिलं.

तानुबाई हात पाहत होती. प्रमिलाचे तळहात स्वच्छ होते. बोटं, नखं, सगळं धड. जन्मभर स्टोपुढे बसलेल्या बाईला काय सांगायला हवं? भडका उडाला की आधी हात जळतात. पंप हातानेच मारायचा असतो, तोंड वाचवायलाही हातच पुढे येतात. हे हात पुढे आलेच नव्हते. दोन्ही मनगटांभोवती जांभळा वळ होता, बैलाच्या मानेला पडतो तसा.

मोतीलाल चहा प्यायला गेला आणि नवराही त्याच्या मागे गेला. तेवढ्यात प्रमिलाने ओठ हलवले. तानुबाई वाकली.

"मांगे हात बांधेल व्हतात, अक्का."

भिकुबाईनेही ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोर गेली.

तेरावा झाला आणि मोतीलाल पुन्हा आला. या वेळी मागायला नव्हे, पदरात टाकायला आल्यासारखा. लेकरू आईवाचून रडतं, घरात बाई नाही, बाहेरची आणली तर सावत्रपणा करणार. धाकटी मंजुळा आहेच. मावशीसारखी आई कुठे मिळायची? हुंडा एक पैशाचा नको, उलट लग्न आम्ही करून घेऊ. अशी मेव्हणी पदरात घालायची रीत होतीच, त्यामुळे कोणाला आक्रीत वाटलं नाही. चार वडीलधाऱ्यांनी मान हलवली. झुलालभाऊंनी नातवाचं तोंड आठवलं आणि हो म्हटलं.

भिकुबाईने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला आडवं उत्तर दिलं. "एक आंडेर जाळी. दुसरी बी देवानी का?" झुलालभाऊंनी बैलाचा चाबूक घेतला. शेजारपाजारच्यांनी दारं लोटून घेतली. चाबकाचा आवाज मोठा होता, बाईचा काहीच आला नाही.

तानुबाई पंचांपुढे जाऊन उभी राहिली. मनगटांचं सांगितलं, तळहातांचं सांगितलं. एक जण म्हणाला, पोर स्वतः हवालदाराला काय बोलली? दुसरा म्हणाला, जिचं कपाळ पांढरं तिला दुसऱ्याच्या पोरीचं लग्न कसं पाहवेल. झुलालभाऊंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तू भित रंगाव, अक्का. घरना कारभार आम्ही देखसूत."

"रंगावस, भाऊ," तानुबाई म्हणाली.

मंजुळा सतरा-अठराची. लग्न ठरल्यापासून तिने बोलणं सोडलं होतं. विहिरीवर गेली की उशीर लावायची, म्हणून भिकुबाई तिला पाण्याला पाठवेना. भिंतीला चुना देऊन झाला त्या दिवशी मंजुळा तानुबाईपाशी येऊन उकिडवी बसली. जमिनीवर बोटाने रेघ ओढत म्हणाली, "अक्का, मनी डोली काढू नको."

"डोली काढनी पडी, बेटा," तानुबाई म्हणाली. "पण तू देखजो."

भिंत पडवीत होती, वर पत्रा. तानुबाईने दोन्ही हत्ती काढले, शिपाई काढला. मधली नवरी तेवढी राहिली. पेवडीची पुडी सोडत असताना भिकुबाई वाटी घेऊन आली. वाटीत हळद होती, लग्नासाठी जात्यावर दळलेली. चाबकाचा वळ तिच्या गळ्यापर्यंत आला होता.

"पेवडी नको, अक्का. हाई वापर."

तानुबाईने तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, उद्या कोणी वरथून चुना फिरावा तर?"

"फिरावू दे."

पाठीवर मोडलेल्या त्या दांड्याची याद तानुबाईला इतक्या वर्षांनी आली. तिने हळदीत डिंक घातला.

नवरी तिने नेहमीपेक्षा मोठी काढली. हात गुडघ्यांवर, पुढे. एका हाताला हळकुंडाचं कांकण बांधतात, तिने एकच कांकण दोन्ही मनगटांना मिळून घातलं. तळहात उघडे, पिवळे, कोरे. लुगड्याच्या निऱ्या गेरूने काढल्या, खालून वर, टोकदार, आणि प्रत्येक निरीचं टोक काजळीने किंचित काळं केलं. नवरीला तोंड काढलं, पण केस काढले नाहीत. सगळ्यात शेवटी हत्तीच्या पायात तोडे रंगवले, ते मुद्दाम रेघेबाहेर.

पहिली बाई कळशी घेऊन थांबली ती थांबलीच. मग दुसरी. कोणी काही विचारलं नाही, कोणी हसलं नाही. सकीना म्हातारी झाली होती, तिने कळशी खाली ठेवली आणि पदर तोंडात घातला. बघता बघता पडवीपुढे सारी गल्ली गोळा झाली, आणि नेमका त्याच वेळी मोतीलाल नवरीचे कपडे घेऊन दोन माणसांसह आला. झुलालभाऊ टोपी नीट करत सामोरे गेले.

"काय मंडळी, हत्ती पाहिला नाही का कधी?" मोतीलाल हसत हसत पुढे झाला. बायका सरकल्या, पण गेल्या नाहीत. त्याने भिंतीकडे पाहिलं. हत्ती, शिपाई, मग नवरी. हसू तोंडावरच वाळलं.

भिंतीवर स्टो नव्हता, दवाखाना नव्हता. ज्याला काही माहीत नाही त्याला ती डोलीतली जरा बेढब नवरीच दिसली असती.

"ही दोरी कोणी काढायला सांगितली हिला?" मोतीलाल म्हणाला.

झुलालभाऊंनी भिंतीकडे पाहिलं, मग मोतीलालकडे.

"दोरी नही, मामा," ते हळू म्हणाले. "कांकण शे."

मोतीलालला आपण काय बोललो ते उमगलं, आणि माणूस अशा वेळी करतो तेच त्याने केलं. तो तानुबाईवर धावला. पहिल्या लाथेने रंगाच्या वाट्या उडाल्या, दुसरी तिच्या पोटात बसली. ती पडली तसा तो तिच्या डाव्या हातावर चढला आणि टाच फिरवली. हाडाचा आवाज पुढे उभ्या बायकांना ऐकू गेला. "रांड, लग्नघरात अवदसा काढतेस," असं म्हणत तो मारत राहिला. त्याच्याबरोबरच्या दोघांनी झुलालभाऊंना धरून ठेवलं होतं, पण धरायची गरज नव्हती. ते भिंतीकडे बघत जागच्या जागी उभे होते.

मग मोतीलाल दमला. कोपऱ्यात मागच्या भिंतीसाठी त्याच सकाळी भिजवलेल्या चुन्याची बादली होती, कुंचा तिच्यातच. त्याने कुंचा उचलला.

तानुबाई जमिनीवरून बघत होती. दोन शब्द बोलली असती तर तो थांबला असता. ती बोलली नाही. पुढच्या बायकांतली एकही बोलली नाही, आणि त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी घरी कुंकू केलेलं होतं. मोतीलालने जन्मात हळद दळलेली नव्हती, चुना खाल्ला असेल तो पानातून.

त्याने नवरीवर कुंचा ओढला. पिवळं अंग पांढरं व्हायच्या ऐवजी लाल झालं. त्याने दाबून दुसरा हात मारला. कोरे तळहात लालभडक झाले आणि बोटांवरून ओघळ खाली आले, निऱ्यांवरून, भिंतीच्या पायापर्यंत. तो जितका घासत होता तितकं ते पसरत होतं. कुंचा लाल, त्याची मनगटं लाल, पांढऱ्या सदऱ्यावर शिंतोडे. तो मागे सरला आणि आपल्याच हातांकडे बघायला लागला.

"हळद शे ती, मामा," गर्दीतून एक म्हातारी शांतपणे म्हणाली. "चुना लागना की हळद लाल व्हस. तुमना घरमा सांगं नही का कोणी?"

मंजुळा दारात आली होती. तिने भिंत पाहिली, मोतीलालचे हात पाहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज निघाला, आणि तो मोठा नव्हता.

"माले जानं नही."

मोतीलालने तिचे केस धरले. का धरले ते त्यालाही सांगता आलं नसतं. सगळ्या गल्लीपुढे झालेली शोभा कोणावर तरी काढायची होती. त्याने तिला ओढून उंबऱ्यावर आपटलं, तिचं कपाळ फुटलं, आणि त्याने पुन्हा ओढलं. झुलालभाऊ आता हलले. पण त्यांच्याआधी भिकुबाई पोचली. तिने अर्धी बादली दोन्ही हातांनी उचलली आणि मोतीलालच्या तोंडावर रिकामी केली.

चुना अजून ताजा होता, नीट विझलेलाही नव्हता. मोतीलाल ओरडत खाली बसला आणि हातांनी डोळे चोळायला लागला, त्याने तो आणखीच आत गेला. बरोबरच्या माणसांनी त्याला गाडीत घालून नेलं. एक डोळा गेला, दुसऱ्याला अंधुक दिसतं असं पुढे कळलं.

लग्न मोडलं. प्रमिलाच्या मरणाचा तपास झाला नाही, भिकुबाईवर मात्र खटला झाला. तारखेला ती धुवट लुगडं नेसून पाचोऱ्याला जायची, बरोबर मंजुळा. ठाण्यावर पहिल्या दिवशी साहेबाने विचारलं होतं, बाई, चुना का फेकला?

"फेका नही, साहेब," भिकुबाई म्हणाली. "बादली भडकनी."

साहेबाने वर पाहिलं. भिकुबाईच्या तोंडावर काही नव्हतं. लिहिताना त्याने काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं.

नातू मात्र तिला पुन्हा दिसला नाही. धुळ्याच्या लोकांनी ते दार कायमचं लावलं. शाळेत जायला लागला एवढं कोणाकडून तरी ऐकलं, आणि दर पोळ्याला ती एक मातीचा बैल त्याच्या नावाने कोनाड्यात ठेवते. कपाळावर खोक असलेल्या मंजुळाला वर्ष-दोन वर्षं स्थळ आलं नाही. ती तानुबाईकडे जायला लागली.

तानुबाईचा डावा हात मनगटापासून लुळा राहिला. उजव्याची तीन बोटं धड होती, त्यांनी ती बाह्यरेषा ओढायची. भरायला मंजुळा. आधी त्यांना कोणी बोलावलं नाही, मारामारी झालेल्या भिंतीचा अपशकुन म्हणून. मग एक दिवस नगरदेवळ्याकडची एक बाई आली. मुलीचं लग्न होतं. हत्ती, पोपट, कळस, सगळं सांगून झाल्यावर ती जरा घुटमळली.

"अक्का, नवरी हळदनी काढजो. व्याही येतीन, देखतीन."

मंजुळाने तानुबाईकडे पाहिलं. तानुबाई म्हणाली, "वहिनी, घरनी दळेल हळद आनजो."

झुलालभाऊंनी त्या दिवसानंतर बायकोला मारल्याचं कोणी पाहिलं नाही. बोललेलंही फारसं पाहिलं नाही. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी एकट्याने चुना कालवला आणि भिंत पांढरी करायला घेतली. त्या दिवशीचं लाल वाळून उतरलं होतं आणि नवरी पुसट पिवळी झाली होती, पत्र्याखाली असल्याने पावसाने गेली नव्हती. हत्ती झाकले, शिपाई झाकला. मधोमध आले आणि ओला कुंचा तळहातांना लागला मात्र, पांढऱ्याखालून पुन्हा लाल वर आलं. ते कुंचा धरून तसेच उभे राहिले.

"वाळनं की जाई ते," भिकुबाई दारातून म्हणाली.

झुलालभाऊंनी कुंचा बादलीत ठेवला आणि बादली उचलून गोठ्याकडे नेली.

पुढे दर साली ते भिंत चुन्याने पांढरी करत, मधला तेवढा भाग सोडून. पाहुणा कोणी विचारायचा, भाऊ, हे का राहिलं?

"चुना पुरना नही," ते म्हणत.